सहा खोक्यांतलं करिअर

आमच्या कारखान्यातल्या प्रत्येक पंपाला पंचवीस वर्षांचं करिअर असतं आणि ते मी आखतो. कतारमधल्या मेसईदच्या एका खत कारखान्यात मी मेंटेनन्स प्लॅनिंगला आहे. कुठलं बेअरिंग कधी राम म्हणणार, कुठला व्हॉल्व्ह कधी गळणार, कुठली मोटार २०४१ च्या फेब्रुवारीत बदलायची, हे सगळं माझ्याकडे रंगीत तक्त्यांत तयार असतं. स्वतःच्या बाबतीत म्हणाल तर शुक्रवारी दुपारी जेवून आडवं व्हायचं, यापलीकडे अठरा वर्षांत मी काही आखलेलं नव्हतं. आणि तेसुद्धा विभावरीने बाजाराची यादी काढली की फसायचं.

तर एका रविवारी, म्हणजे आमच्याकडे आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, एचआरची मेल आली. प्रत्येकाने आपला दहा वर्षांचा वैयक्तिक विकास आराखडा सिस्टिममध्ये भरावा. न भरणाऱ्याचा बढतीसाठी विचार होणार नाही. एरवी अशा मेल मी वाचतो, मान हलवतो आणि विसरतो. पण मी चार वर्षं अ‍ॅक्टिंग सेक्शन हेड होतो. अ‍ॅक्टिंग म्हणजे काम सेक्शन हेडचं, सही सेक्शन हेडची, शिव्या सेक्शन हेडच्या, फक्त सेक्शन हेड नाही. ती जागा आता कायम भरणार होते आणि मुलाखत तीन आठवड्यांवर होती. मी पन्नाशीला टेकलोय. ही जागा हुकली तर पुढची येईपर्यंत माझ्या बेअरिंगचीच बदलायची तारीख येणार होती.

आराखड्याच्या पहिल्याच पानावर सगळी प्रमाणपत्रं, सगळे अनुभवाचे दाखले आणि आजवरच्या सगळ्या ट्रेनिंगची कागदपत्रं मागितली होती. आमच्या घरात कागद जपण्याची एक पद्धत आहे. ते कुठेतरी असतात. मी ठरवलं की या निमित्ताने सगळं एकदा लावून टाकू, आणि लावायचं तर खोकी पाहिजेत.

खोक्यांसाठी मी देवीदासला सांगितलं. देवीदास आमच्या मेसईद ते दोहा बसचा ड्रायव्हर, परभणीकडचा. बसमध्ये चढता चढता मी म्हणालो, "देवीदास, पाच-सहा चांगली मजबूत खोकी मिळतील का रे?"

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "मिळतील की साहेब. कुठवर न्यायचेत?"

"कुठे नाही. घरीच."

"बरं," देवीदास म्हणाला, आणि ज्या सुरात म्हणाला तो सूर मला तेव्हाच कळायला हवा होता. त्यानंतर मागच्या चार रांगांमध्ये शांतता पसरली. त्या बसमध्ये शांतता म्हणजे बातमी.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कतारमध्ये मराठी माणूस घरात काहीही आणू शकतो. सत्तर इंची टीव्ही आणला तरी कोणी विचारत नाही. पण रिकामं खोकं आणलं की तो निघाला. भरलेलं खोकं म्हणजे संसार, रिकामं खोकं म्हणजे एक्झिट. हा नियम कुठे लिहिलेला नाही, त्यामुळे सगळे तो पाळतात.

दुसऱ्या दिवशी दोह्यात, अबू हमूरच्या आमच्या कंपाउंडमध्ये, म्हणजे भिंतीआडच्या वसाहतीत, देवीदासने सहा खोकी दारात उतरवली. मी जाड मार्करने प्रत्येकावर व्यवस्थित लिहिलं: टेंबे, करिअर १, शिक्षण. टेंबे, करिअर २, अनुभव. असं करत सहावं खोकं झालं टेंबे, करिअर ६, भविष्य. त्यात टाकायला काहीच नव्हतं, पण आराखड्यात तसा कप्पा होता, म्हणून मी खोकंही ठेवलं. प्लॅनिंगच्या माणसाला रिकामा रकाना बघवत नाही.

मार्करचं टोपण लावतोय तोवर शेजारचे आबासाहेब आले. आबासाहेब कराडचे, एका बांधकाम कंपनीत स्टोअरला. एकतीस वर्षं कतारात आहेत आणि त्यातली तीस वर्षं "येत्या मार्चला कायमचा चाललो" असं सांगतायत. बायको, मुलं, सुना सगळी कराडला. दर मार्चमध्ये आबासाहेबांना कंपनी एक वर्ष वाढवून देते आणि दर एप्रिलमध्ये ते आम्हाला करिअरविषयी सल्ला देतात. त्यांचा सल्ला एकच: इथे काहीही ठरवू नये.

त्यांनी सहाही खोक्यांना प्रदक्षिणा घातली. एका खोक्याचा तळ दाबून पाहिला.

"ठरलं म्हनायचं," ते म्हणाले.

आता मी सरळ सांगायला हवं होतं की बढतीसाठी कागद लावतोय. पण बढतीची गोष्ट होण्याआधी बोलू नये, नजर लागते, ही माझ्या आईची शिकवण, आणि इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत तिच्याविरुद्ध काहीही शिकवलेलं नव्हतं. मी म्हणालो, "तसं काही नाही आबासाहेब. जरा भविष्याचा विचार चाललाय."

याहून वाईट वाक्य मला शोधूनही सापडलं नसतं. कतारमध्ये भविष्याचा विचार करणारा माणूस एकतर निघालेला असतो किंवा काढलेला. आबासाहेबांचा चेहरा मात्र चक्क उजळला. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काम झालं की ही खोकी मला दे बरं का. दुसऱ्या कुनाला शब्द देऊ नकोस."

आबासाहेब सुतळीचा तुकडासुद्धा गुंडाळून ठेवतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी हो म्हणालो.

संध्याकाळी पहिलं जोडपं आलं. समोरच्या व्हिलातलं, पेढ्यांचा डबा घेऊन. त्यांनी आमच्या सोफ्यावर बसून आमच्याच सोफ्याची चौकशी केली. किती वर्षं झाली, स्प्रिंग कशा आहेत, कापड धुता येतं का. नवरा दोनदा उठून दोनदा बसला. बायको म्हणाली, "तुम्ही गेल्यावर कंपाउंड अगदी ओकंबोकं होईल हो," आणि सोफ्याची रुंदी वितेने मोजली.

मी तोंड उघडणार तेवढ्यात विभावरी म्हणाली, "न्या की. आम्हाला काय करायचाय."

ते गेल्यावर मी तिला विचारलं की आपण कुठे जात नसताना सोफा का जातोय. विभावरीला हा तपकिरी सोफा आणल्या दिवसापासून आवडत नव्हता. अकरा वर्षं ती मला तो बदलायला सांगत होती आणि मी बघू म्हणत होतो. "अफवा तुम्ही उठवलीत," ती म्हणाली, "मी फक्त तिचा उपयोग केला."

पुढच्या आठ दिवसांत आमच्या घरात जेवढे लोक आले तेवढे गणपतीतही येत नाहीत. टीपॉयला गिऱ्हाईक मिळालं. मुलीच्या लहानपणची सायकल गेली. देवीदास मिक्सर मागायला आला. त्यांच्या खोलीत सात जणं, आणि ठेचा अजून बत्त्याने कुटतात. विभावरीने त्याला मिक्सर दिला, वर भांडी दिली, आणि मग आम्ही चार दिवस चटणी विकतची खाल्ली. खरी चुरस मात्र कढीपत्त्याची होती. आमच्या बाल्कनीत कुंडीतलं अकरा वर्षांचं कढीपत्त्याचं झाड आहे. पन्नास अंशांच्या उन्हाळ्यात पंख्याखाली ठेवून, तांदळाचं धुवण घालून, विभावरीने ते पोटच्या पोरासारखं वाढवलंय. अख्ख्या कंपाउंडच्या फोडण्या त्यावर चालतात. त्याच्यावर तीन घरांनी हक्क सांगितला. एकीचं म्हणणं, माझ्याकडे पूर्वेची बाल्कनी आहे. दुसरीचं, मी आधी विचारलं होतं, गेल्या वर्षी, सहज. तिसऱ्या घराने काही न बोलता एक नवी, मोठी कुंडी आमच्या दारात आणून ठेवली. झाडाचा वारस कोण यावर एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला. त्यात आम्हाला घेतलं नव्हतं.

मी प्रत्येकाला सांगत होतो की आम्ही जात नाही. पण हे वाक्य ऐकून लोकांचे डोळे पाणावत. निघालेला प्रत्येक माणूस आधी असंच म्हणतो. समोरच्यांनी तर माझा हात धरून सांगितलं, नोकरी जाण्यात कमीपणा काही नसतो. मी म्हणालो, नोकरी गेलेली नाही. ते म्हणाले, तेच तर. मग मी बोलणं सोडून दिलं. मनात म्हटलं, तीन आठवडे. दारावर सेक्शन हेडची पाटी लागली की कळेल सगळ्यांना.

मधल्या काळात आराखडा भरायचं चालूच होतं. त्यात एक पान स्वतःला गुण देण्याचं होतं, पाचपैकी. माझ्या शाळेत स्वतःची स्तुती करणाऱ्याला बाकावर उभं करत. मी स्वतःला सगळीकडे तीन दिले, एका ठिकाणी अडीच. "सुधारणेला वाव" या रकान्यात पुष्कळ लिहिलं. जागा संपली तेव्हा पुरवणी जोडली.

माझी मुलगी अंतरा, दहावीतली, मागून वाचत होती. "बाबा, नोबडी राइट्स लाइक धिस," ती म्हणाली. "यू साउंड लाइक द पंप दे शुड रिप्लेस."

"याला विनय म्हणतात."

"इट्स अ ड्रॉपडाउन, बाबा."

शेवटच्या पानावर होतं: तुमचा उत्तराधिकारी कोण, आणि तो तयार व्हायला किती काळ लागेल. इथे माझ्या हाताखालचा मिहीर हे एकच नाव होतं. मिहीर नाशिकचा, बत्तीस वर्षांचा, हुशार. प्रत्येक मीटिंगला पाणी आणि चार्जर घेऊन येतो. माणसाने आपल्या हाताखालच्याचं कौतुक हातचं न राखता करावं, या मताचा मी. शिवाय पोरगं चांगलं आहे. मी लिहिलं: मिहीर. तयारी: आत्ता. खाली शेराही मारला की माझ्यावाचून हा विभाग कुठेही अडणार नाही. हे लिहिताना मला स्वतःविषयी फार बरं वाटलं. सबमिट दाबलं आणि शुक्रवारी दुपारी, सोफा नसल्याने जमिनीवर, आडवा झालो.

मुलाखत गुरुवारी होती. गुरुवारी सकाळी नवा शर्ट घालून मी ऑफिसला गेलो तर माझ्या टेबलावर केक होता. त्यावर क्रीमने लिहिलं होतं की टेंबेसाहेब, पुढील वाटचालीस शुभेच्छा. भोवती सगळा विभाग टाळ्या वाजवत उभा. पुढे मिहीर, डोळ्यांत पाणी. त्याने बसमध्ये ऐकलं होतं. म्हणून मोठ्या प्रेमाने आमच्या सेक्रेटरीला, हजराला, सांगून केक मागवला होता.

मी घड्याळ पाहिलं. दहा वाजता मुलाखत होती. मी हजराला विचारलं, मुलाखत कुठल्या खोलीत.

हजरा गोंधळली. तिने मला बाजूला घेतलं आणि सांगितलं ते असं. आमच्या कंपनीत केकसाठी स्वतंत्र तरतूद नाही. वाढदिवसाला नाही, बाळ झालं तरी नाही. केक मिळतो तो एकाच कारणासाठी, माणूस सोडून जात असेल तर. त्यासाठी सिस्टिममध्ये त्या माणसाची सेपरेशनची फाइल उघडावी लागते. हजराने रविवारी माझी फाइल उघडली होती, चॉकलेट केक निवडला होता, आणि सिस्टिमने जाणाऱ्या माणसाचं नाव मुलाखतीतून आपोआप काढून टाकलं होतं.

केक चांगला होता. मी दोन तुकडे खाल्ले. दुखावलेला माणूसही गोड खातो, हे मला त्या दिवशी कळलं.

मग एचआर. तिथे तसनीम बसते, हैदराबादची, शांत स्वभावाची. तिने माझं सगळं ऐकून घेतलं, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाली, "साब, जाने का फॉर्म है. नहीं जाने का फॉर्म नक्को है."

मी म्हणालो, मग ही फाइल बंद कर.

ती म्हणाली, फाइल दोनच तऱ्हांनी बंद होते. एकतर माणूस जातो, किंवा राजीनामा मागे घेतो.

"लेकिन मैंने इस्तीफा दिया ही नहीं."

"वोइच तो, साब. दिए बगैर वापस कैसा लेंगे?"

यातली तर्कशुद्धता मला, प्लॅनिंगचा माणूस म्हणून, नाकारता येईना. तसनीमने पाणी मागवलं. आम्ही दोघांनी शांतपणे ठरवलं की मी राजीनामा द्यायचा आणि लगेच मागे घ्यायचा. पाच मिनिटांचं काम. दहा वाजून दहा मिनिटांनी मी राजीनामा टाकला. दहा वाजून तेरा मिनिटांनी तो मंजूर झाला.

अठरा वर्षांत माझी खुर्ची बदलायचा अर्ज सात महिने फिरला. चष्म्याचं बिल परत यायला एक रमजान ते दुसरा रमजान लागला. आणि राजीनामा तीन मिनिटांत. आमचे मॅनेजर जासिमसाहेब सुटीवर होते. भला माणूस. कोणाचं काम अडू नये म्हणून सुटीतही फोनवरून येईल ते मंजूर करत होते. नंतर त्यांनी फोन बंद केला. मागे घेण्याच्या अर्जाला त्यांची प्रत्यक्ष सही लागते. ते येणार रविवारी.

"संडे को हो जाएगा, इन्शाल्ला," तसनीम म्हणाली, आणि या वेळी तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

म्हणजे गुरुवार दुपार ते रविवार सकाळ मी खरोखर बेकार होतो. सही झाली नाही तर नोटिशीच्या तीन महिन्यांनी घर, गाडी, राहण्याचा परवाना, सगळं खलास, आणि अंतराची दहावीची परीक्षा मार्चमध्ये. शेजाऱ्यांची अफवा मी स्वतःच्या हाताने खरी केली होती. हे विभावरीला सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती. ती चिरतच राहिली. फक्त तुकडे बारीक होत गेले. मग म्हणाली, "कढीपत्ता मात्र मी कोणाला देणार नाही."

शुक्रवारी संध्याकाळी कंपाउंडच्या क्लबहाउसमध्ये आमचा निरोप समारंभ होता. तो मी थांबवू शकलो नाही, कारण तो मला विचारून ठरलाच नव्हता. स्टेजवर बॅनर: श्री. व सौ. टेंबे यांना भावपूर्ण निरोप. शाल होती, नारळ होता, साबुदाणा वडे होते. चार जणांनी माझ्यावर भाषणं केली. मी गेलेला नसताना त्यांनी माझे इतके गुण सांगितले की त्यातले निम्मे आराखड्यात टाकले असते तर जागा मिळाली असती. सोफा नेणाऱ्याला तर बोलता बोलता गहिवरून आलं.

मला माइक दिला. मी म्हणालो, "मित्रांनो, आम्ही जात नाही आहोत. निदान माझी तशी इच्छा नाही." आणि मग सगळं सांगितलं. खोकी, आराखडा, केक, तीन मिनिटं. लोक आधी हसले. मग हसायचे थांबले, कारण हळूहळू प्रत्येकाला आपापली वस्तू आठवली. पूर्वेच्या बाल्कनीवालीने नवऱ्याकडे पाहिलं. कोणीतरी मागून विचारलं की मग शालीचं काय करायचं.

तेव्हा आबासाहेब उठले.

"कार्यक्रम मोडू नका," ते म्हणाले. "शाल वाया जायला नको. मी चाललोय."

सगळं क्लबहाउस हसून लोटपोट. मीही हसलो. कोणीतरी ओरडलं, "कुठल्या मार्चला, आबासाहेब?" आबासाहेब हसले नाहीत. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. मंगळवारचं तिकीट होतं, एकेरी.

"औंदा वाढवून दिलं न्हाई," ते मला म्हणाले, पण माइक चालू होता. "एकतीस वर्सं सांगत आलो चाललो चाललो. खरंच निघायची वेळ आली तर सांगायची लाज वाटली, गुरुप्रसाद. मग तुझ्या दारात खोकी दिसली. म्हटलं, हा पन चाललाय, जोडीनं जाऊ."

मग विभावरी उठली, माझ्या खांद्यावरची शाल काढली आणि आबासाहेबांच्या खांद्यावर घातली. नारळ अंतराने दिला. वाकून नमस्कार करून ती त्यांना मराठीत म्हणाली, "परत या." तिला मराठीतलं एवढंच निरोपाचं वाक्य येत असावं. आबासाहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही.

रविवारी जासिमसाहेब आले आणि त्यांनी सही केली. त्यांनी माझी मनापासून क्षमा मागितली, कॉफी पाजली. नोकरी वाचली. जागेचं विचारलं तेव्हा मात्र त्यांना नवल वाटलं. "पण मिस्टर टेंबे, तुम्हीच लिहिलंय की मिहीर आत्ता तयार आहे," ते म्हणाले. "मी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला." गुरुवारी मुलाखतीला एकटा मिहीर होता. त्याने स्वतःला सगळीकडे पाच दिले होते आणि "सुधारणेला वाव" या रकान्यात लिहिलं होतं, अद्याप आढळलेला नाही.

मिहीर आता आमचा सेक्शन हेड आहे. लाजून लाजून मला सर म्हणतो. आराखडा त्यालाही भरावा लागतो, उत्तराधिकाऱ्याच्या नावासकट. त्याने माझं नाव दिलंय. तयारी: दोन वर्षं.

कंपाउंडमध्ये आम्ही न गेल्याने बऱ्याच जणांची गैरसोय झाली. ती मोठी कुंडी अजून आमच्या दारात आहे, मागायला कोणी येत नाही आणि परत नेऊन द्यायला मला धीर होत नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बंद झाला नसून त्याचं नाव बदललंय असं ऐकतो.

सोमवारी संध्याकाळी शब्दाप्रमाणे मी खोकी रिकामी केली. अठरा वर्षांचे कागद पुन्हा कपाटावर, पलंगाखाली, कुठेतरी गेले. आबासाहेबांनी एकतीस वर्षं त्या सहा खोक्यांत बसवली. कुकर, चादरी, स्टोअरच्या जुन्या डायऱ्या, सुतळीचा गुंडा. देवीदासने ती कार्गोवाल्याकडे नेली. मी सोबत होतो. माझा मार्कर पुसला जात नव्हता. काउंटरवरच्या माणसाने प्रत्येक खोक्यावर तेच शब्द बघून विचारलं, इसमें क्या है. आबासाहेब म्हणाले, "इनका करिअर है." त्याने फॉर्मवर लिहिलं: वापरलेलं घरगुती सामान.

पंधरा दिवसांनी कराडहून फोन आला. मागे सुनेचा आवाज, कुत्रं, कुठेतरी नळ.

"तुझं करिअर पोचलं बरं का," आबासाहेब म्हणाले. "भविष्य तेवढं वाटेत फुटलं. आत चादरी होत्या, काय गेलं न्हाई. बाकी पाच खोकी शाबूत."

मी विचारलं, तिकडे कसं वाटतंय.

"बरं हाय. पोरं म्हणतात बसा. बसलोय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कढीपत्ता हाय ना जाग्यावर?"

मी बाल्कनीत जाऊन बघून आलो. म्हटलं, आहे.